हामूरला मराठीत काय म्हणतात

राजन टिपणीस आमच्याच कंपाउंडमध्ये राहतो. बुदैया हायवेवरून आत वळलं की खजुरांच्या बागेला लागून आठ घरं आहेत, त्यातलं तिसरं त्याचं आणि पाचवं माझं. मी सलील, एका बँकेत नोकरीला आहे. राजन हिद्दला बंदराजवळच्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत आहे. वय एक्कावन्न, मूळचा चिंचवडचा. डिप्लोमा करून बावीस वर्षांपूर्वी बहारीनला आला आणि इथलाच झाला. उंच, जाड भिवयांचा, आवाज मोठा. आवाज मोठा, कारण त्याचं निम्मं आयुष्य इंजिनांच्या धडधडीत बोलण्यात गेलंय, आणि उरलेल्या निम्म्या आयुष्यात हे त्याला सांगायची कुणाची हिंमत झालेली नाही.

गेली दहा वर्षं तो कंपनीत सुपरिंटेंडंटचं काम करत होता, पण दारावरच्या पाटीवर नावाखाली ‘ॲक्टिंग सुपरिंटेंडंट’ असं लिहिलेलं. कायम व्हायला डिग्री लागते आणि राजनकडे होता डिप्लोमा. चारेक वर्षांपूर्वी एकदा जेवताना त्याची बायको स्मिता सहज म्हणाली, “सहा वर्षं सलग अभिनय केला की एव्हाना माणसाला पारितोषिक मिळतं.” ते त्याला इतकं लागलं की दुसऱ्याच आठवड्यात त्याने अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्याशा कॉलेजात ऑनलाइन नाव घातलं.

चार वर्षं तो घासत होता. ड्यूटीवरून आला की चहा, मग हेडफोन लावून थर्मोडायनॅमिक्स. इतिहास झाला, समाजशास्त्र झालं, ‘निबंधलेखन’ नावाच्या विषयात त्याने जहाजाच्या गंजावर बारा पानं लिहून चांगले मार्क मिळवले. शेवटी कॉलेजच्या यादीत एकच ओळ उरली. परकी भाषा. दोन सत्रं शिका, नाहीतर परीक्षा देऊन मोकळे व्हा.

“अरबी,” राजन म्हणाला. “बावीस वर्षं काय इथे गोट्या खेळलो?”

त्याच्या मुलीने, कश्मिराने, कॉलेजच्या साइटवरचा अरबीचा नमुना प्रश्न काढून दिला. कश्मिरा अकरावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. प्रश्न होता, ‘कुटुंबासोबत घालवलेल्या एखाद्या सुट्टीचं वर्णन करा.’ राजनने खूप विचार केला. त्याला येणारी अरबी सगळी डॉकमध्ये या टोकाकडून त्या टोकाकडे ओरडण्याची होती. त्या साठ-सत्तर शब्दांत तो एवढंच सांगू शकत होता, की चला, सुट्टी आहे, हळूहळू, प्रॉब्लेम नाही, सुट्टी संपली.

मग त्याला मराठीची युक्ती सुचली. ती सुचण्याचं कारणही गमतीचं आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा रकाना होता आणि त्यात राजनने चार वर्षांपूर्वी ठणठणीत ‘इंग्लिश’ असं लिहून ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, विचारतायत म्हणजे शिकवलेलं कळेल ना याची खात्री करून घेतायत. आता कॉलेजच्या सल्लागार बाईंनी कळवलं की तुमची मातृभाषा इंग्लिश असल्यामुळे मराठी ही परकी भाषा म्हणून चालेल. फोनवर अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा असते, त्यात ‘प्रगत’ पातळी मिळाली की झालं.

राजन त्या संध्याकाळी कंपाउंडमधल्या पाचही मराठी घरांत जाऊन सांगून आला. बाकीच्या दोन घरांत केरळचे लोक राहतात, त्यांनाही सांगितलं. “मराठीची परीक्षा. मला. म्हणजे माशाला पोहण्याची.”

स्मिताला मात्र काही ते पटेना. ती इथल्या एका शाळेत गणित शिकवते आणि तिचा परीक्षांवर फार विश्वास आहे, विद्यार्थ्यांवर कमी. तिने जेवणाच्या टेबलाशी नमुना परीक्षा घ्यायचं ठरवलं. कश्मिरा फोनवर स्टॉपवॉच लावून बसली आणि मी प्रेक्षक म्हणून.

“आपल्या स्वयंपाकघराचं वर्णन करा,” स्मिता म्हणाली.

“सोपं आहे,” राजन म्हणाला. “आमचं किचन तसं स्पेशियस आहे. एंटर केलं की लेफ्टला फ्रिज, त्याच्या बाजूला ओव्हन. सिंक लीक होतो, पण मेंटेनन्सवाल्याला कॉल केलाय, तो नेक्स्ट वीकमध्ये येतो म्हणाला. इंशाल्ला. विंडोमधून गार्डनचा व्ह्यू आहे. खलास.”

कश्मिराने मोजलेला आकडा वाचून दाखवला. इंग्रजी पंधरा, अरबी दोन.

“खलास मराठी आहे,” राजन म्हणाला.

“बाबा, दॅट इज अरेबिक.”

“माझी आजी म्हणायची खलास. ती तळेगावच्या पुढे कधी गेली नव्हती.”

कश्मिराने फोनवर शब्दकोश काढून दाखवला. राजनने तो लांब धरून वाचला आणि म्हणाला, की असं उकरत बसलं तर घरात एक खुर्चीसुद्धा शिल्लक राहणार नाही. ते बरोबर होतं, कारण कश्मिराने लगेच पाहिलं तर खुर्चीही बाहेरूनच आलेली निघाली.

त्या दिवसापासून राजन बिघडला. त्याने पुण्याहून कुणाकडून तरी परिभाषेची यादी मागवली आणि बोलण्यातून एकेक इंग्रजी शब्द काढून तिथे यादीतला शब्द बसवायला सुरुवात केली, जुना बोल्ट काढून नवा बसवावा तसा. फ्रिज शीतकपाट झाला. एसी वातानुकूलक झाला. स्मिताने एक दिवस विचारलं, “दूध कुठे ठेवलंय?” तर हा म्हणाला, “शीतकपाटाच्या द्वितीय फळीवर.” स्मिताने तीन दिवस त्याला चहा काळाच दिला. दूध सापडलं नाही म्हणाली.

मी गाडी चालवत असलो आणि हा शेजारी असला की आणखी वैताग. “उजव्या मार्गिकेत घे. पुढे वाहतूक नियंत्रक दिवा आहे.” मी दिवा शोधेपर्यंत सिग्नल लाल झालेला असे.

परीक्षेचा दिवस मंगळवार ठरला. दुपारी चार, म्हणजे अमेरिकेत सकाळ. नियम असा, की फोन घरून घ्यायचा नाही. मान्यताप्राप्त केंद्रात बसायचं आणि खोलीत त्या केंद्राचा पर्यवेक्षक असला पाहिजे, म्हणजे उमेदवाराला कुणी हळूच शब्द सांगणार नाही. केंद्र मुहर्रकमध्ये मिळालं. जुन्या बाजाराच्या मागे एक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे; तिथे विमानतळावरच्या लोकांच्या परीक्षा होतात. राजनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला गाडी चालवायला सांगितलं. म्हणाला, “मी चालवली तर रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीत वाचाव्या लागतील. आज नको.” समुद्रातून जाणाऱ्या सगळ्या कॉजवेवर तो डोळे मिटून बसला होता.

इन्स्टिट्यूटमध्ये पर्यवेक्षक म्हणून एक साठीकडे झुकलेले गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पांढरी बारीक दाढी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी राजनचं कार्ड तपासलं, फोन बंद करून घेतला, मनगटावरचं घड्याळ उतरवायला लावलं, खिसे उलटे करायला लावले. हिंदीत म्हणाले, “एकोणीस साल से मैं ये काम करता हूं. मेरे कमरे में आज तक किसी ने किसी को एक अक्षर नहीं बताया.” हिंदीत बोलताना मध्येच ‘एकोणीस’ आलं तेव्हा मला जरा शंका यायला हवी होती. पण मी राजनच्या खिशातून निघालेली शब्दांची यादी सांभाळण्यात गुंतलो होतो.

परीक्षेची खोली म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन घातलेला कोपरा होता, वरच्या भागाला काच. मी बाहेरच्या बाकावर बसलो. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि मान उंचावली की दिसतही होतं.

“नमस्कार. माझं नाव पूर्णिमा. मी आज तुमच्याशी बोलणार आहे,” फोनमधून आवाज आला. आवाज शांत, शाळेतल्या चांगल्या बाईंसारखा. “तुमची मातृभाषा इंग्लिश आहे असं इथे लिहिलंय. मराठी तुम्ही कुठे शिकलात?”

राजनची पहिलीच विकेट जाणार होती. “चिंचवडला,” तो म्हणाला.

“किती वर्षं?”

“एकोणतीस. मग बहारीनला आलो.”

“छान. उच्चार फार चांगले आहेत तुमचे.”

“आभारी आहे,” राजन म्हणाला आणि खुर्चीत जरा सैलावला.

पाच मिनिटं फार उत्तम गेली. नोकरी, घर, हवा. राजनने एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. मग पूर्णिमाबाईंनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता.

“शुक्रवारी सकाळी मी मासळी बाजारात जातो,” राजन म्हणाला, आणि इथे तो खुलला, कारण टिपणीसांच्या घरात मासळी हा देवघराखालोखालचा विषय आहे. “ताजी मासळी बघायची असेल तर सकाळी सहाला पोचावं लागतं. डोळे बघायचे, कल्ले उचलून बघायचे. इथला सगळ्यात चांगला मासा म्हणजे हामूर. हामूरचं डोकं मी कधी सोडत नाही.”

“क्षमा करा, हामूर म्हणजे काय? मराठीत सांगाल का?”

राजन थांबला. बावीस वर्षं तो हामूर विकत घेत होता, तळत होता, पाहुण्यांना वाढत होता. त्याला मराठीत काय म्हणतात हे डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. मी काचेतून बघितलं तर त्याच्या भिवया वर वर चालल्या होत्या.

आणि पर्यवेक्षक खुर्चीत चुळबुळ करत होते.

त्यांचं नाव जमालुद्दीन परकार. हे मला नंतर कळलं, आणि हेही, की ते दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराचे, त्यांच्या वडिलांचा मासेमारीचा मचवा होता आणि बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी बंदरावरच्या मासळीच्या लिलावात बोली पुकारली होती. असा माणूस एका माशाचं नाव ओठांवर घेऊन गप्प बसला होता. एकोणीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. त्यांनी आधी दोन्ही हातांनी मोठं तोंड करून दाखवलं. मग गालफडं फुगवली. राजन त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी जमालुद्दीन पुढे वाकून कुजबुजले.

“हेकरू.”

“काय करू?” राजनने कुजबुजून विचारलं.

“हेकरू.”

“हे म्हणजे काय करू?”

“काही करू नका,” फोनमधून पूर्णिमाबाई म्हणाल्या. “फक्त बोला.”

“हो,” राजन म्हणाला. जमालुद्दीननी कपाळावर हात मारून पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं, “हे-क-रू. हेकरू वो.” आणि त्या धक्क्याने राजनच्या डोक्यात चिंचवडच्या बाजारातली कोळीण उभी राहिली, जिच्याकडून त्याची आई शुक्रवारी मासळी घ्यायची.

“गोबरा,” तो आनंदाने म्हणाला. त्याचा आनंदाचा आवाज डॉकमधला आहे. “गोबरा म्हणतात त्याला.”



“गोबर?” पूर्णिमाबाईंनी विचारलं.

“गोबरा. आम्ही दर शुक्रवारी खातो.”

“मी नागपूरची आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “मला पुन्हा एकदा सांगा. काय खाता?”

“अवो गोबरा नाय,” जमालुद्दीन म्हणाले. कुजबुजणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. “गोबरा मुंबयवाले म्हणतात. खरां नाव हेकरू. मना काय सांगतंव, बापाचा मचवा होता आमच्या.”

“हेकरू वेगळा,” राजन वळून म्हणाला. “हेकरू लहान असतो.”

“लहान? वीस किलोचां हेकरू बघितलां हाय मी या डोळ्यांनी.”

“वीस किलोचा गोबरा असेल तो.”

“तिथे दुसरं कोण बोलतंय?” पूर्णिमाबाईंनी विचारलं.

मग जमालुद्दीन उठून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि फोनकडे वाकून म्हणाले, “मी पर्यवेक्षक.”

“पर्यवेक्षकांना मराठी येतं?”

जमालुद्दीननी राजनकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “येतां,” ते म्हणाले.

परीक्षा तिथेच थांबली.

परतताना राजनने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, “सगळ्या बहारीनमध्ये इतके लोक. इजिप्तचे आहेत, फिलिपिन्सचे आहेत. मला पर्यवेक्षक हर्णैचा मिळावा.” आणि थोड्या वेळाने, “पण गोबराच तो.”

तीन दिवसांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. केंद्रात गैरप्रकार घडल्याचा संशय आहे, दोन्ही बाजूंनी लेखी खुलासा द्यावा. स्मिताने ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ती गंभीर होती. दुसऱ्यांदा वाचताना ती उठून आत गेली आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, हसणं लपवायला.

राजनला मात्र जमालुद्दीनची काळजी लागली. नोकरीवर आलं तर काय, या वयात. पुढच्या शुक्रवारी तो मला घेऊन पुन्हा मुहर्रकला गेला. जमालुद्दीनचं घर शोधायला वेळ लागला नाही. हर्णैचे परकार म्हटल्यावर पहिल्याच दुकानदाराने बोट दाखवलं. दार त्यांच्या बायकोने, नसीबाभाभींनी उघडलं. त्यांनी राजनला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, “अजी, गोबरेवाले आलेत.”

जमालुद्दीन ओशाळलेले होते. त्यांनी सांगितलं, की मॅनेजरनी बोलावून घेतलं होतं. मॅनेजर बहारीनी, मुहर्रकमध्येच जन्मलेला, त्याचे आजोबा समुद्रावर जाणारे. जमालुद्दीननी घडलं ते सगळं अरबीत खरंखरं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, की हामूर केवढा होता. जमालुद्दीन म्हणाले, प्रत्यक्षात मासा नव्हताच, नुसतं नाव होतं. मग मॅनेजरने खुलासा स्वतः लिहायला घेतला.

त्या खुलाशाची प्रत जमालुद्दीननी आम्हाला दाखवली. त्यात म्हटलं होतं, की आमच्या पर्यवेक्षकाने उमेदवाराला एका माशाचं नाव सांगितलं हे खरं आहे. परंतु उमेदवाराच्या मते ते नाव चुकीचं होतं आणि त्याने ते जाहीरपणे नाकारलं. त्यामुळे उमेदवाराला कोणताही फायदा झालेला नाही.

राजनने ते वाचून मान डोलावली. “याला म्हणतात इंजिनिअरिंग,” तो म्हणाला, आणि स्वतःचा खुलासाही त्याच धर्तीवर लिहिला.

संस्थेने तो मान्य केला. एक महिन्याने परीक्षा पुन्हा, त्याच केंद्रात, पण पर्यवेक्षकाला मराठी येत नाही असं लेखी देणं आवश्यक.

तो महिना राजन दर शुक्रवारी मुहर्रकला शिकवणीला जात होता. शिकवणी जमालुद्दीननी सुचवली, अपराधीपणाने. पण प्रत्यक्षात शिकवायच्या नसीबाभाभी. त्यांची पद्धत सोपी होती. राजनसमोर नारळ आणि खवणी ठेवायची आणि म्हणायचं, “हां, बोला.” राजन बोलायला लागला आणि त्याने यादीतला एखादा शब्द काढला की भाभी हातातलं काम थांबवून विचारायच्या, “ता काय अस्तां?” त्यांना खरोखरच कळलेलं नसायचं. इंग्रजी शब्द वापरला तर त्यांना कळायचा, पण त्या तरीही तेच विचारायच्या.

“काल प्रणोदकाच्या आसाला—”

“ता काय अस्तां?”

राजन खवणीवर थांबला. “जहाजाच्या खाली मागे पंखा असतो ना, तो. तो ज्या दांड्यावर फिरतो, तो जाड लोखंडी दांडा. तो वाकला होता.”

“मग असां सांगा ना. वाकला कसा?”

आणि राजनने सांगितलं. दोरखंड पंख्यात अडकला कसा, कप्तानाने आधी ते नाकारलं कसं, आणि मग खाली पाणबुड्या उतरवल्यावर पंख्याला गुंडाळलेलं आख्खं जाळं निघालं, त्यात दोन खेकडे जिवंत. भाभींनी विचारलं, खेकड्यांचं काय केलंत. सगळा नारळ खवून झाला तरी राजन बोलत होता. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने यादी फाडून टाकली. शीतकपाट पुन्हा फ्रिज झालं आणि स्मिताला दूध सापडायला लागलं.

माशाच्या नावावरून मात्र त्या घरात तडजोड झाली नाही. जेवताना हामूरच म्हणायचं असं ठरलं.

दुसऱ्या परीक्षेला मॅनेजर स्वतः पर्यवेक्षक म्हणून बसला, कारण मराठी येत नाही अशी शपथ घेऊ शकणारा त्या दिवशी तोच मोकळा होता. जमालुद्दीनना त्याने बाहेर माझ्या शेजारी बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. जमालुद्दीन खालमानेने बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

फोनवर पुन्हा पूर्णिमाबाईच होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, खोलीत कोण आहे. मग म्हणाल्या, “आज आपण खाण्याविषयी बोलायला नको.”

“चालेल,” राजन म्हणाला.

“आज एक प्रसंग करू. तुम्ही भाडेकरू आहात. छतातून पाणी गळतंय. मी घरमालकीण आहे. तुम्ही मला फोन केलाय. सुरू करा.”

आता इथे योगायोग असा, की राजनच्या घराचं छत खरोखरच गळत होतं. फेब्रुवारीतल्या पावसापासून. घरमालक दोन महिने ‘बुकरा, बुकरा’ म्हणत होता, म्हणजे उद्या, उद्या. राजनने घसा खाकरला.

“नमस्कार. तीन नंबरमधून टिपणीस बोलतोय. छत गळतंय.”

“अहो, थोडंसं गळणारच. जुनं घर आहे,” पूर्णिमाबाई म्हणाल्या. त्या घरमालकीण म्हणून फारच चांगल्या निघाल्या.

“थोडंसं? पलंगाच्या बरोबर मधोमध गळतंय. मी आणि बायको दोन कडांना झोपतो, मध्ये बादली झोपते.”

“मग पलंग सरकवा.”

“सरकवला. आता कपाटावर गळतंय.”

“कपाट सरकवा.”

मला बाहेर बसून कळलं की आता राजन परीक्षेला बसलेला नाही. त्याचा आवाज चढत चालला होता. तो म्हणाला, की घरातली एकेक वस्तू सरकवत सरकवत आम्ही दाराबाहेर येऊ तेव्हा तुमचं समाधान होईल का. तो म्हणाला, की मागच्या वेळी तुम्ही माणूस पाठवलात, त्याने शिडीवर चढून छताकडे बघितलं, ‘हो, गळतंय’ म्हणाला आणि गेला. एवढं मला शिडीशिवाय दिसत होतं. पूर्णिमाबाई म्हणाल्या, की भाडेकरूंनीच काही तरी केलं असेल. राजन म्हणाला, मी छतावर जाऊन पाऊस पाडला का. मध्ये एकदा ‘लीकेज’ म्हणाला आणि श्वासही न घेता “गळती, गळती” म्हणून पुढे गेला. त्याने मालकिणीची लाज काढली, गोड बोलला, पोपडे कुठून कुठे आलेत ते खोलीचा नकाशा सांगावा तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, तुम्ही स्वतः या आणि एक रात्र त्या बादलीच्या जागी झोपून दाखवा.

मॅनेजरला मराठी कळत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की उमेदवार उभा राहून फोनशी भांडतोय. तो घाईघाईने उठला, राजनच्या खांद्यावर हात ठेवून “शुवय शुवय, मफी मुश्किल,” म्हणजे हळू, हळू, काही प्रॉब्लेम नाही, असं अरबीत समजावू लागला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. राजनने ग्लास घेतला, एक घोट प्याला आणि तसाच पुढे बोलत राहिला.

“बरं, बरं,” पूर्णिमाबाई म्हणाल्या. “सोमवारी माणूस पाठवते.”

“सोमवारी नाही. उद्या.”

“उद्या जमणार नाही.”

“मग मी तुमच्या दारात येऊन बसतो. बादली घेऊन.”

मग पूर्णिमाबाईंचा जरा गुदमरल्यासारखा आवाज आला. “ठीक आहे. उद्या सकाळी.”

“किती वाजता?”

“श्री. टिपणीस, प्रसंग संपला.”

“हो का,” राजन म्हणाला आणि खाली बसला. बाहेर जमालुद्दीननी मांडीखालून हात काढले. बोटं पांढरी पडली होती.

निकाल दोन आठवड्यांनी आला. पातळी: प्रगत. खाली शेरा होता, की उमेदवार आपलं म्हणणं ठामपणे, तपशिलासह आणि दीर्घकाळ मांडू शकतो. स्मिताने तो शेरा वाचून विचारलं, की याच्यासाठी अमेरिकेत फोन करायची काय गरज होती, तिला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

डिग्री जूनमध्ये कुरिअरने आली. जुलैत राजनच्या दारावरची पाटी बदलली. आता नावाखाली नुसतं ‘सुपरिंटेंडंट’ आहे. कंपनीत केक कापला, तिथे लोकांनी भाषणाचा आग्रह केला आणि राजन हिंदीत चार वाक्यं बोलून खाली बसला, कारण समोर बंगाली, तमिळ, फिलिपिनो सगळे होते आणि त्यांना केक हवा होता.

जमालुद्दीनना मॅनेजरने भाषांच्या परीक्षांवरून कायमचं काढलं. आता त्यांच्याकडे फक्त विमानतळाच्या सुरक्षेच्या आणि फोर्कलिफ्टच्या परीक्षा असतात. परवा राजनबरोबर मीही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जमालुद्दीन म्हणाले, बरं झालं, आता खोलीत कुणी असं काही विचारत नाही की ज्याचं उत्तर त्यांना माहीत आहे. मग नसीबाभाभींनी पानं वाढली आणि बोलणं थांबलं.